ठोकळ्याची गादी

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी रोज चार ओळी लिहायला सांगितलंय. काय वाटतं ते लिहा, म्हणाल्या. काही वाटत नाही, असं मी सांगितलं. मग काय केलं ते लिहा, म्हणाल्या.

उठले. चहा घेतला. आत्याने मटार सोलायला दिले, ते सोलले. टरफलं पातेल्यात टाकली आणि मटार कचऱ्यात. आत्या बघत राहिली, पण ओरडली नाही. आत्या ओरडत नाही म्हणजे माझं काहीतरी फारच बिनसलेलं असणार.

चार ओळी झाल्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

काल लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आज बाबांनी खालून हाक मारली, "ठके, जरा खाली ये गं." बेचाळीस वर्षांची झाले तरी त्यांना मी ठकीच. लहानपणी त्यांनी करून दिलेल्या लाकडी बाहुलीसारखं माझं तोंड म्हणे कायम गंभीर असायचं.

खाली म्हणजे त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यात. वर आम्ही राहतो. बाबा, त्यांची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, आणि ऑगस्टपासून मी. जुलैत नवरा गेला. सकाळी आंघोळीला गेला आणि बाहेर आला नाही. नळ चालू होता म्हणून मला वाटलं आंघोळच चाललीय. हे मी इतक्या जणांना सांगितलंय, की आता दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगता येतं.

बाबांकडे मोठं काम आलंय. मागच्या रस्त्यावरच्या वृद्धाश्रमाच्या जिन्याला लाकडी कठडा करायचाय. तळापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत. जुना लोखंडी कठडा हलतो. त्याला धरून उतरताना एक आजोबा पडले, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून वरची मंडळी खाली उतरतच नाहीत. जेवणाची ताटंसुद्धा वर न्यावी लागतात. बाबांनी हातभर नमुना करून नेला होता. व्यवस्थापकबाईंनी त्यावरून हात फिरवला आणि त्यांच्या तळव्यात कुसळ घुसलं.

"तुमच्या कामात कुसळ?" मी विचारलं.

"उजेड कमी होता त्या दिवशी," बाबा म्हणाले. मग बराच वेळ पेन्सिल शोधत राहिले. ती त्यांच्या हातातच होती.

मग म्हणाले, "मला घासायला ठोकळे करून दे. खाली लाकूड, वर गादी, गादीवर पॉलिश पेपर. नुसता लाकडी ठोकळा गोलाईवर सपाट डाग पाडतो. गादी कशाची लावायची, ते तू शोध."

"तुम्ही तर गोलाईवर नुसत्या हाताने घासता. ठोकळ्याने घासणारा सुतार आंधळा, असं तुम्हीच म्हणायचात."

"म्हणायचो. आता मनगट दुखतं."

"दुकानात तयार मिळत नाहीत?"

"मिळतात. मला आपल्या मापाचे हवेत."

बरं म्हटलं. नाही म्हणायलाही काहीतरी कारण लागतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

भांडी घासायचा स्पंज लावून पाहिला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईतो फाटला. मग जाड फोम लावला, जुन्या उशीतला. हा फाटला नाही, पण लाकूड नदीच्या तळासारखं झालं. बाबांनी समजावलं की लाकडातल्या रेषा काही मऊ असतात, काही कडक. गादी फार मऊ असली की पेपर मऊ रेषा खातो आणि कडक तशाच वर राहतात.

थर्माकोल चिकटवायला घेतला. सायकलच्या ट्यूबला लावतात ते सोल्युशन होतं. लावल्याबरोबर थर्माकोल फुसफुसत विरघळला, बघता बघता ठोकळ्यावर फक्त पांढरा चिकट डाग उरला. मी तो डाग बराच वेळ बघत बसले असणार, कारण आत्या दोनदा जेवायला बोलावून गेल्याचं म्हणते.

१० नोव्हेंबर, सोमवार

आत्याची व्यायामाची चटई. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी तिला रोज अर्धा तास पाय उचलायला सांगितलंय. ती चटईवर आडवी होते, दोन वेळा पाय उचलते आणि झोपते. मी चटईचा कोपरा कापला. विचारलं नव्हतं.

"माझी चटई उंदराने कुरतडली!" दुपारी वरून आरडाओरडा.

"उंदीर नाही, मी."

"तू?" ती एकदम शांत झाली. "मग आणखी हवी तर काप. तशीही मी काय, पायच वर करते. डोक्याकडची काप."

चटईची गादी फोमपेक्षा पुष्कळ बरी. पण ती दाबली की सरकते आणि वरचा पेपर सुरकुततो. सुरकुतलेला पेपर लाकडावर ओरखडे काढतो. नाही जमलं.

बाबांनी ओरखडे बघितले नाहीत. मला म्हणाले, "डोळे मीट आणि हात फिरव. कसं लागतंय?" मी आठ वर्षांची असताना घ्यायचे तशी परीक्षा घेतायत. तेव्हा बरोबर सांगितलं की गोळी मिळायची. मी सांगितलं, डावीकडे खरखरीत, मध्ये खड्डा. त्यांनी मान डोलावली आणि लाकडावर खूण केली. गोळी नाही मिळाली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या काकांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, गोलाई, रेषा, सुरकुत्या. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"म्हणजे माणूस उभा राहील पण रुतणार नाही, असं पाहिजे. बरोबर?"

"बरोबर."

"मग तळवे पाहिजेत ताई. रबरी चपलेचे. अंघोळीच्या असतात ना, त्या. नव्या नको, फार उसळतात. दोन-तीन वर्षं वापरलेल्या. पायाखाली बसून बसून त्यांचा उतमात गेलेला असतो." मग स्वतःशीच हसले. "माणसासारखंच."

त्यांच्याकडे वापरलेल्या नव्हत्या. लोक शिवून परत नेतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

माझ्या बॅगेत होत्या. ऑगस्टमध्ये इकडे येताना घाईत काय काय भरलं, त्यात त्याच्या अंघोळीच्या चपला आल्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. निळ्या, टाचेकडे झिजलेल्या. तीन वर्षं वापरलेल्या, म्हणजे काका म्हणाले तशाच. मी डाव्या चपलेचे पट्टे उपटले आणि तळवा करवतीने आडवा कापला. दोन ठोकळ्यांना पुरला. सोल्युशनही छान धरलं. रबरावर अंगठ्याचा खळगा होता, तो भाग टाकून दिला, कारण तिथे जाडी कमी होती.

घासून पाहिलं. गोलाई गोलच राहिली. ना खड्डा, ना ओरखडा.

काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं मात्र वाटलं.

बाबा आले तेव्हा निळा भुसा टेबलावर पडला होता. त्यांनी उरलेली चप्पल उचलली, उलटी केली, सुलटी केली. मग बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला वाटलं ठोकळा पसंत नाही. विचारलं तर म्हणाले, "ठोकळा उत्तम आहे." परत आल्यावर त्यांनी उजवी चप्पल सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. मी म्हटलं, तीही लागेल, अजून दोन ठोकळे होतील. तर म्हणाले, "एकच पुरे."

पुरणार नाही, हे त्यांना मोजमापावरून कळायला हवं होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कठड्याचे तुकडे तयार होऊ लागलेत. बाबा रंध्याने आकार देतात, मी घासते. वरची बाजू पावासारखी गोल, दोन्ही कडांखाली बोटं अडकतील अशी खाच. खाचेत ठोकळा जात नाही, म्हणून एका गोल दांडीला सायकलची जुनी ट्यूब चढवली आणि त्यावर पेपर गुंडाळला. ही युक्ती माझी. बाबा आत्याला सांगत होते, "ठकीने शोधलं." आत्या म्हणाली, "मग मी काय करू, नाचू?" पण रात्री वाढताना माझ्या ताटात तिने जास्त भात लोटला.

बाबा दर तुकड्याला मला डोळे मिटून हात फिरवायला लावतात. "कसं लागतंय?" स्वतः फिरवत नाहीत. परीक्षा लांबतच चाललीय.

आज चहाचे ग्लास भाजत होते. मी ओढणीने धरला. बाबांनी नुसत्या हाताने धरला आणि दोन घोट होईपर्यंत धरूनच ठेवला. जुन्या कारागिरांचे हात असे निबर होतात. वर जाताना त्यांची एक चप्पल जिन्यातच राहिली आणि ते तसेच एका पायात चप्पल घालून वर आले. आत्या म्हणाली, "काय रे, एक पाय विकलास का?" ते खाली बघून हसले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कठड्याची खालची बाजू सपाट आहे. तिथे चपलेची गादी नको, थोडी कडक हवी. चपला शिवणारे काका म्हणाले, बूच बघा. बाटलीची बुचं कितीशी मिळणार?

मापं घ्यायला वृद्धाश्रमात गेलो तर व्हरांड्यात जुना सूचनाफलक भिंतीला टेकवून ठेवला होता. बुचाचा. व्यवस्थापकबाईंना मागितला.

"न्या हो. नवा काचेचा आलाय. या फलकावर तर किती वर्षं गेलेल्यांचीच नावं लावत होतो आम्ही." मग त्यांनी माझ्याकडे बघून जीभ चावली. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असणार. मी म्हटलं, "जाडी चांगली आहे."

टाचण्यांची भोकं आहेत सगळीभर, पण दाबल्यावर कळत नाहीत. सपाट बाजू आरशासारखी निघते.

जिना चढताना बघितलं, पहिल्या मजल्याच्या दारात खुर्च्या टाकून चार-पाच जण बसले होते. खाली कोण आलं, कोण गेलं, ते कान देऊन ऐकत. एकाने विचारलं, "कधी होणार?" बाबा म्हणाले, "डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात." तो म्हणाला, "तोवर टिकलो पाहिजे." सगळे हसले. बाबाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज दुपारी मी एक तुकडा पुसत होते. फडक्यावर लाल आलं. आधी वाटलं लाकडाचाच रंग. मग बघितलं, कठड्यावर लांबलचक लाल पट्टा, त्याच्यापुढे आणखी एक, आणि त्या टोकाला बाबा पटाशीने खाच साफ करतायत. त्यांच्या डाव्या तर्जनीचं पेर उघडं पडलं होतं. रक्त मनगटापर्यंत आलं होतं आणि ते गुणगुणत काम करत होते.

"बाबा, हात!"

"काय झालं?" ते म्हणाले. उजव्या हाताकडे बघून.

रिक्षाने दवाखान्यात. सात टाके. टाके घालताना डॉक्टर म्हणाले, सुन्न करायचं इंजेक्शन देतो. बाबा म्हणाले, "नको. त्याशिवायच सुन्न आहे."

२६ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. साखरेमुळे हातापायांच्या शिरा गेल्यात. बोटांच्या टोकांना काही कळत नाही. दोन वर्षं झाली असतील. बाबांना ठाऊक होतं. गोळ्या चालू होत्या. डबा पटाश्यांच्या खणात.

म्हणजे उजेड कमी नव्हता. मनगटही दुखत नव्हतं. आणि माझी परीक्षाही नव्हती.

मी कारखान्यात गेले. बाबा हात गळ्यात बांधून स्टुलावर बसले होते. मला वाटतं, मी खूप ओरडले. सगळं आठवत नाही. आत्या वरून धावत आली, म्हणजे खूपच असणार. "सांगायचं नाही का? एका शब्दाने सांगायचं नाही? बाहेर माणसं आहेत की नाहीत? नळ चालू ठेवून आत पडून राहायचं?"

नळाचं मी का बोलले, कळलं नाही. कारखान्यात नळच नाही.

बाबा उठले. धड हाताने माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर दाबून धरलं. जरा जास्तच जोरात. त्यांना किती दाबतोय ते कळत नसणार. आत्या जिन्यात उभी राहून पदराने नाक पुसत होती आणि म्हणत होती, "रडू दे. रडू दे तिला. हात काढू नकोस."

मी रडत होते, हे तिच्या बोलण्यावरून कळलं.

घसा बसलाय. गरम पाणी पिऊन झोपते.

३० नोव्हेंबर, रविवार

रक्ताचे डाग घासून जात नाहीत, आत मुरतात. तो तुकडा बदलावा लागला. आता रंधाही मीच चालवते. बाबा स्टुलावर बसून तोंड चालवतात. "अंग टाक त्यावर. नुसता हात नको. अगं, लोणी लावतेस का पोळीला? अंग टाक!"

"टाकतेय."

"आवाज ऐक. सरळ चाललं की एकच सूर येतो. अडखळलं की थांब."

आवाजाने त्यांना सगळं कळतं. दोन वर्षं कान लावूनच काम करत होते म्हणे. मी विचारलं, सांगितलं का नाहीत? म्हणाले, "तू आलीस तेव्हा तुझं एवढं मोठं. त्यात माझं बोटांचं काय सांगायचं?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि तुलाही काही कळत नव्हतं, मलाही. म्हटलं दोघं मिळून एक सुतार होतोय का बघू."

चपलेचे ठोकळे झिजले. कठड्याचे चार तुकडे अजून बाकी. मी वरच्या फळीकडे बघितलं. मग काकांकडे जाऊन त्यांच्या स्वतःच्या पायातल्या चपला मागून आणल्या. त्यांना आत्याच्या पायातल्या दिल्या. आत्याला अजून सांगितलेलं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

सांगावं लागलं.

तेल लावायचं काम सुरू. दोन हात झाले.

९ डिसेंबर, मंगळवार

काल आणि आज कठडा बसवला. लोखंडाचं काम करणारे दोघे आले होते. त्यांनी खांब पक्के केले, वर आम्ही लाकूड चढवलं. बाबा खालून सांगत होते, मी स्क्रू आवळत होते. अकराच्या सुमाराला शेवटचा बसला. मी तळापासून वरपर्यंत डोळे मिटून हात फिरवत गेले. पहिल्या मजल्याशी दोन तुकड्यांचा जोड येतो. तिथे नखाला किंचित लागत होतं. कागदाच्या जाडीएवढं. माझी चूक. पेपर आणि ठोकळा काढला.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या एक आजी दारातून बाहेर आल्या. पूर्वी टेलिफोनच्या कचेरीत होत्या, आता उजेड-अंधार एवढंच दिसतं. त्यांनी कठड्यावर हात ठेवला. खाली गेल्या, सावकाश, मोजत. मग तशाच मोजत वर आल्या. जोडापाशी त्यांचा अंगठा थांबला.

"इथे जोड आहे ना?"

"हो आजी. कळतोय, माहितीये. लगेच घासते."

"खबरदार." त्यांनी माझा हात बाजूला सारला. "मी पायऱ्या मोजत येते. मध्ये कुणी बोललं की आकडा चुकतो. मग उभी राहते, पहिला आला की दुसरा, काही उमगत नाही. मागच्या वर्षी भलत्याच मजल्यावर जाऊन भलत्याच्या पलंगावर बसले होते." व्हरांड्यातले हसले. "आता हे हाताला लागलं की कळेल, आपलं घर आलं. राहू दे असंच."

मी बाबांकडे बघितलं. ते खालच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणतंय तर राहू दे."

"आणि दुसऱ्या मजल्याचं काय?" आजी म्हणाल्या. "वर मास्तर राहतात. त्यांना माझ्याहून कमी दिसतं, पण कबूल करायचे नाहीत. त्यांच्यासाठी काहीतरी कर, पण त्यांना सांगू नकोस."

मी पटाशी घेऊन वर गेले. कठड्याच्या आतल्या बाजूला, अंगठा जातो तिथे, दोन बारीक रेघा कोरल्या. कडा घासून मऊ केल्या. तोवर मास्तर बाहेर येऊन उभे राहिले होते, धुतलेला सदरा घालून. त्यांनी अंगठा फिरवला.

"इथे ओरखडे पडलेत दोन," ते म्हणाले. "नव्या कामाला शोभत नाही हे."

"चुकलं मास्तर."

"असू दे. कुणाच्या लक्षात नाही यायचं."

आणि ते जेवायला खाली गेले. त्यांच्यामागून आणखी. साडेबारापर्यंत मी मोजले, चौदा जण उतरले. काही कठड्याला दोन्ही हातांनी धरून, काही एका हाताने आणि दुसरा हात पुढच्याच्या खांद्यावर. खाली एकच गोंधळ. उन्हाळ्यापासून कुणी येत नव्हतं, म्हणून जेवणघरातल्या मोडक्या खुर्च्या काढून टाकल्या होत्या. बसायला जागा नाही. आचारी पळी घेऊन ओरडत होता, "आधी सांगायचं तरी, सगळी वरात येणार म्हणून!" मास्तर खिडकीच्या कट्ट्यावर बसून जेवले.

व्यवस्थापकबाई आमच्याकडे आल्या. केस विस्कटलेले, एका हातात ताट.

"खुर्च्या कराल का हो? बारा तरी लागतील. लवकर."

त्यांनी बाबांना विचारलं होतं. बाबांनी बांधलेला हात मांडीवर ठेवला. ते माझ्याकडे बघत होते.

"पाठीला गोलाई हवी की सपाट?" मी विचारलं.

गोलाई, त्या म्हणाल्या. उद्या लाकूड बघायला जायचंय.